शेवटच्या प्रकरणाचा दोरा

पिशवी आमच्याकडे आली त्याच रविवारी संध्याकाळी आर्याने आजीचा चष्मा मोडला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी घडल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं.

पिशवी म्हणजे खाकी कॅनव्हासची, बंद तुटून पुन्हा शिवलेली. लखनौतल्या आम्हा मराठी घरांमधून ती फिरत असते. गोमती नगरातून आमच्या मानक नगरात, इथून बख्शी का तालाबला एअरफोर्सवाल्यांकडे, आणि अशीच फिरून परत. एका घरी एक आठवडा. आत फक्त रहस्यकथा आणि प्रेमकथा. कुणीतरी एकदा त्यात वैचारिक लेखांचं पुस्तक सरकवलं होतं, ते सगळ्या घरांचा पाहुणचार घेऊन न उघडता परत आलं म्हणे. बहुतेक पुस्तकांची मुखपृष्ठं केव्हाच गळून पडली आहेत, त्यामुळे नावं कुणालाच ठाऊक नाहीत. नर्सवालं, चहाच्या मळ्यावालं, गेस्टहाऊसवालं, अशीच ती ओळखली जातात.

नियम दोनच. रविवारी दुपारच्या आत पिशवी पुढच्या घरी गेली पाहिजे, पुस्तक अर्धं राहिलं तर राहिलं. आणि रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण शिवून ठेवायचं. हो, सुईदोऱ्याने. पूर्वी कुणी आगाऊ वाचकाने समासात खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, तेव्हापासून शेवटच्या पानांच्या कडेला टाके घालायची पद्धत पडली. तिथवर पोचलात की उसवायचं, वाचायचं, आणि पुढच्या घरासाठी पुन्हा टाके घालायचे. गेस्टहाऊसवाल्याचे टाके लाल दोऱ्याचे होते. मी बघून ठेवलं होतं.

मी सगळंच बघून ठेवते. आर्या झाल्यापासून ही सवय लागली. गॅसचं बटण, दाराची कडी, दुधाच्या बाटलीवरचं झाकण, तिच्या छातीचं वरखाली होणं. ती आठ महिन्यांची झाली तरी झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. संकेत, म्हणजे माझा नवरा, आधी हसायचा, मग रागवायचा, मग त्याने ते सोडून दिलं. तो रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे. रुळाला तडा जाण्याची शक्यता किती, हे तो आकड्यात सांगू शकतो. माझ्या भीतीला असा आकडा नाही, ही त्याची अडचण.

बाळंतपणाची रजा संपवून पुढच्या सोमवारी मला बँकेत हजर व्हायचं होतं. गोमती नगरची आमची शाखा, कर्ज विभागातलं माझं टेबल, खिडकीबाहेरचा गुलमोहर, सगळं मला आवडतं. त्यासाठीच सासूबाई अमरावतीहून आल्या होत्या, आर्याला सांभाळायला. पण मी मनात ठरवून टाकलं होतं, जायचं नाही. संकेतला अजून सांगितलं नव्हतं.

आई, म्हणजे सासूबाई, वाईट नाहीत हो. पण त्या कडेवर आर्याला घेऊन कुंपणापाशी शेजारच्या भाभींशी गप्पा मारत उभ्या राहायच्या आणि आर्या त्यांच्या खांद्यावरून मागे झुकलेली असायची. दार नुसतं लोटून ठेवायच्या. "काही नाही होत बापा," हे त्यांचं पालुपद. मला काही न होण्याची एवढी खात्री कधीच वाटली नाही.

आणि त्या संध्याकाळी आर्याने आजीच्या मांडीवर बसून चष्मा ओढला, दांडी कटकन तोडली आणि काच फरशीवर टाकली.

"मोडू दे न," आई म्हणाल्या. "पोट्टीचा हात कसा बळकट आहे पाह्य!"

आलमबागच्या दुकानदाराने सांगितलं, "डबल नंबर है आंटी, लेन्स बाहर से आएगा. शनिवार तक मान के चलिए." आईंना चष्म्याशिवाय लांबचं थोडंफार दिसायचं, जवळचं मुळीच नाही. म्हणजे आता आर्याच्या भातातला मिरीचा दाणासुद्धा त्यांना दिसणार नाही. माझ्या निर्णयाला आणखी एक कारण मिळालं.

आईंना मात्र वेगळंच दुःख. पिशवी मांडीवर घेऊन त्या एकेक पुस्तक चाचपत होत्या, लग्नाच्या पंगतीत उपास निघावा तशा चेहऱ्याने.

"इतकी पुस्तकं आणि मी आंधळी," त्या म्हणाल्या.

"क्षितिजा वाचून दाखवेल," संकेत मला न विचारता म्हणाला. "कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घ्यायची ती."

तर सोमवारी दुपारी, आर्या झोपल्यावर, आम्ही क्वार्टरच्या पुढच्या हिरवळीवर खाट टाकली. लखनौच्या जानेवारीत दुपारचं ऊन म्हणजे सण असतो, सगळी कॉलनी अंगणात असते, कुणी मटार सोलतंय, कुणी पेरू खातंय. आतल्या खोलीचं दार मी सताड उघडं ठेवलं, पलंग दिसेल अशी बसले, आणि नर्सवालं उघडलं. नीलम नावाची नर्स आणि एक तापट सर्जन, प्रसाद. दर पानागणिक मी मान वर करून पलंगाकडे बघत होते. शिवाय सासूबाईंसमोर काही मजकूर वाचणं अवघड, म्हणून मी आपली थोडी कात्री लावत होते.

"थांब थांब," आई म्हणाल्या. "दोघं गॅलरीत उभे होते न? चांदणं होतं. त्याने तिचा हात धरला. मग एकदम सकाळ कशी झाली?"

"असंच लिहिलंय."

"असं कोणी लिहीत नाही. माझं लग्न झालंय बाई, तीन लेकरं झाली. मागं जा."

मी मागे गेले. कान लाल करून सगळं वाचलं. आई डोळे मिटून, पेरूला मीठ लावत ऐकत होत्या. "सर्जन असून हात थरथरतो याचा," एवढाच शेरा मारला.

बुधवारी नर्सवालं संपलं आणि गेस्टहाऊसवालं सुरू झालं. थंड हवेच्या ठिकाणचं एक गेस्टहाऊस. मालक लक्ष्मीकांत आतून बंद केलेल्या खोलीत मेलेला सापडतो. संशय त्याच्या दुसऱ्या बायकोवर, माणिकवर. नंतर पुतण्यावर. नंतर रोज संध्याकाळी पत्ते खेळायला येणाऱ्या डॉक्टरवर. त्या दिवशी आर्या जागी होती, सतरंजीवर बसून वाटी आपटत होती. तिच्या कानावर असलं काही नको म्हणून मी जरा सौम्य करून वाचत होते.

"लक्ष्मीकांतला लागलं होतं," मी वाचलं.

"काय लागलं होतं? भूक?"

"म्हणजे पाठीत लागलं होतं."

"अगं सुरा म्हण न. सुरा! पोट्टीला काय समजतं? तिला वाटते वाटीसारखं काही असन."

आर्या "सू" म्हणाली. खरंच म्हणाली. आई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या, आणि मी पण हसले. हसताना जाणवलं की बऱ्याच वेळात मी आर्याभोवतीची सतरंजी तपासली नव्हती. लगेच तपासली. एक शेंगदाण्याचं टरफल होतं, ते उचललं.

गुरुवारी मी स्वयंपाक करताना डॉक्टरचा विचार करत होते. डाव्या हाताने पत्ते वाटणारा डॉक्टर, हे मागे कुठेतरी आलं होतं. पोळी करपली.

"कोण वाटते तुला?" आईंनी मागून विचारलं.

"डॉक्टर."

"छ्या. फार सोपं होते ते. मला तर ती माणिक ठीक नाही वाटत."

"काहीतरीच! ती बिचारी रडतेय नुसती."

"रडणारीवरच नजर ठेवायची. तू एवढं पाहत राहते सगळ्यांकडे, इतकं नाही समजत?"

शुक्रवारी मी वाचायला पुस्तक उघडलं आणि शेवटच्या प्रकरणाच्या कडेला हात लागला. टाके होते, नीट होते. पण दोरा निळा होता.

रविवारी लाल होता, माझी खात्री होती. संध्याकाळी संकेत आला तशी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"गेस्टहाऊसवालं तू उसवलंस?"

"मी?" तो म्हणाला. "मला शर्टाचं बटण लावता येत नाही, मी पुस्तक शिवणार?"

हे खरं होतं. आईंना चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणं शक्य नव्हतं. घरात चौथी व्यक्ती आर्या. मी लाल दोरा चुकीचा आठवत असेन, असं स्वतःला समजावलं. झोप कमी, डोकं थाऱ्यावर नाही. अशा बाईने बँकेत जाऊन लोकांची कर्जं मंजूर करू नयेत, हेही त्यात जोडून टाकलं.

शनिवारी सकाळी शाखेतून मिश्राजींचा फोन. "मैडम, सोमवार से आ रही हैं न? आपकी जगह जो मैडम बैठी हैं, उनको दूसरी ब्रांच भेजना है. कन्फर्म कर दीजिए."

"सर, कल शाम तक बताती हूँ," मी म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आई समोर मेथी निवडत बसल्या होत्या.

दुपारी आम्ही शेवटून दुसऱ्या प्रकरणावर होतो. पुतण्याच्या खोलीत किल्ली सापडली होती, डॉक्टर पसार झाला होता, आणि माणिक एकटीच त्या बंद खोलीच्या दारापाशी आली होती. आई पुढे सरकून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. शेजारच्या भाभी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अरे क्या पढ़ रही हो, हमें भी बताओ," आणि आम्ही दोघींनी एकदम "श्श!" केलं.

आतून आर्या कुरकुरली. मी ऐकलं. ऐकलं आणि परिच्छेद पुरा केला. माणिकने किल्ली फिरवली तिथवर. मग आर्या जोरात रडली आणि मी पुस्तक टाकून पळाले.

ते रडणं वेगळं होतं. भुकेचं नाही, झोपेचं नाही. ताप बघितला, नव्हता. लंगोट बदलला, पोटावर हात फिरवला, कानामागे बघितलं. ती लालबुंद होऊन पाय झाडत होती. संकेत धावत आला. "गाडी काढ," मी ओरडले, "दवाखान्यात जाऊ." तिचं टोपरं मी दोनदा उलटं बांधलं.

"मोजे काढले?" आईंनी विचारलं.

काढले नव्हते. थंडीचे लोकरीचे मोजे. आईंनीच काढले. उजव्या पायाचं मधलं बोट सुजून जांभळट झालं होतं, मधोमध एक खाच पडली होती. मी वाकून बघितलं, डोळ्यांत पाणी होतं, काही म्हणता काही दिसेना.

आई पलंगावर बसल्या, उशीच्या अभ्र्यात हात घातला, चष्मा काढून डोळ्याला लावला, आणि आर्याचा पाय उजेडाकडे धरला.

"केस आहे," त्या म्हणाल्या. "गुंडाळला गेला. संकेत, पाय घट्ट धर. क्षितिजा, माझ्या डब्यातली सुई दे, बारीक."

सुईच्या बोथट टोकाने त्यांनी तो केस अलगद उचलला, नखात धरला आणि वेढा वेढा सोडवला. लांब, काळा केस. बाळंतपणानंतर माझे मूठमूठ गळतात, तसला. आर्या हुंदके देत देत गप्प झाली. तरी आम्ही कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलोच. त्यांनी भिंगातून बघितलं, काही अडकून राहिलेलं नाही म्हणाल्या, मोजे उलटे करून बघत जा म्हणाल्या. परत येईपर्यंत बोट गुलाबी झालं होतं.

चहा समोर आला तेव्हा मला सुचलं.

"आई," मी म्हणाले, "तुमच्या डोळ्यावर चष्मा आहे."

आईंनी चष्म्याला हात लावला. संकेत छताकडे बघायला लागला.

"गुरुवारीच आला," आई म्हणाल्या. "यानं ऑफिसातून येताना आणला."

"आईने दम दिला होता मला," संकेत म्हणाला.

"आणि निळा दोरा?"

"लाल संपला होता माझ्या डब्यातला. वाटलं, कोण पाहते. विसरलीच की घरात पोलीस आहे."

"पण का?"

आईंनी बशीत चहा ओतला. "चष्मा आला म्हटलं असतं तर तू पुस्तक माझ्या हातात देऊन पुन्हा पोट्टीच्या नाकाशी बोट धरून बसली असती. इतक्या दिवसांत तुझा आवाज मी ऐकलाच नव्हता गं. फोनवर, 'हो आई, बरं आई.' इथं मी आली तर 'आई दार लावा, आई तिला उन्हातून आत घ्या.' कसं छान वाचते तू! त्या डॉक्टरचा आवाज काढते, माणिकचा काढते. म्हटलं आणखी दोन दिवस ऐकू." मग जरा ओशाळून, "शेवटाचं तेवढं मला राहवलं नाही. तू आंघोळीला गेली होती."

मला रडू आलं, पण त्या कौतुकाने नाही. "मी ऐकलं होतं," मी म्हणाले. "ती कुरकुरली ते मी ऐकलं. आणि उठले नाही. परिच्छेद संपवला."

"मी पण ऐकलं," आई म्हणाल्या. "मी पण नाही उठली. मला तर पुढचं माहीत होतं, तरी नाही उठली, इतकं रंगवून वाचत होती तू. लेकरू कुरकुरते, मग रडते, मग आपण जातो. तू तिच्या उशाशी बसून असती तरी केस गुंडाळलाच असता, मोज्याच्या आत होता तो." त्यांनी माझ्या केसांची सुटलेली बट कानामागे सारली. "वेणी घाल फक्त. घट्ट."

रात्रभर आर्या मला चिकटून होती, पुस्तक उघडताच आलं नाही, आणि रविवारी सकाळी पिशवी न्यायला नयना आली. तिचा नवरा हवाई दलात, बख्शी का तालाबला. जीप फाटकाबाहेर सुरूच. मी गेस्टहाऊसवालं पाठीशी लपवून उभी.

"नयना, अगं फक्त शेवटचं प्रकरण राहिलंय. आमच्याकडे काल बाळाचं..."

"ऐकलं सगळं. कशी आहे आता? अच्छा, मस्त खेळतेय की." तिने आर्याचा गालगुच्चा घेतला आणि दुसरा हात पुढे केला. "पण नियम म्हणजे नियम, यार. मागे माझं नर्सवालं लग्नाच्या आदल्या पानावर गेलं होतं. कुणाला दया आली?"

पुस्तक गेलं. निळ्या टाक्यांसकट. जीप वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

"आई," मी आत येऊन म्हणाले, "सांगा. माणिकच का खुनी?"

आई आर्याला नाचणीचं सत्त्व भरवत होत्या. चष्मा नाकावर, आर्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर मान मागे घेऊन. "सांगीन न. उद्या सांगीन. बँकेतून घरी आली की."

मी खाली सांडलेलं सत्त्व पुसायला फडकं घेतलं.

"तू साड्या इस्त्रीला दिल्या नाही," आई म्हणाल्या. "टिफिनचा डबा अजून माळ्यावर आहे. तो मिश्रा कन्फर्म विचारते आणि तू माझ्याकडं पाहून शाम तक म्हणते. एकटी तूच पाहत नाही सगळं."

संकेतने वर्तमानपत्र खाली घेतलं. "म्हणजे? जाणार नव्हतीस तू?"

"जाणार आहे ती," आई म्हणाल्या. "घरी बसली तर मी जन्मात सांगणार नाही. नयनालाही फोन करून ताकीद देईन."

"आई, याला ब्लॅकमेल म्हणतात."

"खुनाचं पुस्तक वाचून दुसरं काय शिकणार?"

मी दाराकडे बघितलं. कडी लावलेली होती. मी लावली नव्हती. सतरंजीवर पुस्तकं, टरफलं, काहीच नव्हतं. दोरीवर आर्याचे मोजे वाळत होते, सगळे उलटे करून. कधी केलं होतं त्यांनी कोण जाणे.

संध्याकाळी मी मिश्राजींना फोन केला.

सोमवारी घट्ट वेणी घातली. संकेतने स्कूटरवरून सोडलं. टेबलाचा कप्पा उघडला तर माझा जुना पेन होता, त्याला टोपण नव्हतं. गुलमोहराची पानं झडली होती. फाइली आल्या, एक म्हातारे गृहस्थ घराच्या कर्जासाठी आले, त्यांना मी कागद समजावून सांगितले आणि त्यांच्याकडे बघता बघता वाटलं, हेसुद्धा डाव्या हाताने सही करतात. डॉक्टर की माणिक? किल्ली पुतण्याच्या खोलीत कुणी ठेवली? माणिकने दार उघडलं तेव्हा आत कोण होतं?

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी घरी फोन लावला.

"आई, मी. एवढंच सांगा, माणिक त्या खोलीत गेली तेव्हा आत डॉक्टर होता ना?"

"संध्याकाळी."

"फक्त हो किंवा नाही म्हणा."

"संध्याकाळी म्हटलं न! ठेव आता, डाळ लागन खाली." मग आईच म्हणाल्या, "आर्या जेवली, आत्ताच झोपली. तू विचारलं नाही म्हणून सांगून राहिली."